वरचा एक

माझ्या टेबलावर एक पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय : 'श्री. हणमंत हावळे, मानवी दुवा.' पूर्वी याच जागी 'शाखाधिकारी' अशी पाटी असायची आणि खुर्चीला थोडीफार किंमतही असायची. आता विट्याच्या आमच्या शाखेत सगळे निर्णय यंत्र घेतं. पण कायद्यात एक कलम राहून गेलंय, की प्रत्येक शाखेत निदान एक जिवंत माणूस असलाच पाहिजे. तो माणूस म्हणजे मी. लोक येतात, विचारतात, आणि यंत्राने काय ठरवलंय ते मी त्यांना वाचून दाखवतो. ज्यांना वाचता येतं त्यांनाही वाचून दाखवतो. माणसाच्या तोंडून ऐकलं की राग जरा कमी येतो, असं वरच्यांना कुणीतरी पटवून दिलंय.

आषाढ संपत आला होता तेव्हाची गोष्ट. सोमवार होता, शाखा उघडून दहा मिनिटंही झाली नव्हती, आणि माझी थोरली बहीण समोरच्या खुर्चीत येऊन बसली. सारिका पोरे. घरात सगळे तिला आक्का म्हणतात. बँकेत आली की ती मला चारचौघांत मुद्दाम 'साहेब' म्हणते आणि वर गालातल्या गालात हसते. त्या दिवशी हसली नाही.

"हणम्या, हे काय आलंय बघ. पैसे आलेत म्हणतंय आणि न्हाईत पण म्हणतंय."

मी तिचा फोन घेतला. 'रेवती दामले, आइंडहोवन यांच्याकडून आलेले ३,६०० युरो तपासणीसाठी थांबवले आहेत. मुदत ९० दिवस. आपला संशयांक : ७१.'

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हा आकडा जितका कमी तितका माणूस स्वच्छ. आक्काचा संशयांक गेली तीन वर्षं नऊ होता. माझा स्वतःचा अकरा. शाळेत तिला माझ्यापेक्षा चांगले मार्क पडायचे आणि इथेही तिने मला मागे टाकलं होतं, म्हणून मी तिला चिडवायचो.

"मी काय केलंय रं?" तिने विचारलं.

"काही नाही. चूक झाली असेल. दोन दिवसांत निघेल," मी म्हणालो. पंचवीस वर्षं बँकेत काढली की असं वाक्य आपोआप तोंडातून बाहेर पडतं.

भाऊजी गेले तेव्हा आक्काकडे एक खोली, एक शिलाई मशीन आणि आमच्या वडिलांकडून आलेला शिंप्याचा हात, एवढंच होतं. तिने अंतरपाट करायला घेतले. लग्नात नवरानवरीच्या मध्ये जो पडदा धरतात तो. इथे त्याला कोण विचारतो? एखादं उपरणं धरलं की भागतं. पण परदेशातल्या मराठी लोकांना तो जरीचा लागतो, दोघांची नावं भरलेला लागतो, आणि लग्नानंतर ते तो चौकटीत घालून भिंतीवर टांगतात. आक्काने सहज म्हणून चार फोटो टाकले होते. बघता बघता तिचे अंतरपाट दहा देशांत गेले आणि तिच्या हाताखाली सहा बायका कामाला लागल्या. तिकडच्या मराठी लग्नांचं सामान पुरवणाऱ्या आइंडहोवनच्या रेवतीताई तिच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक. तुळशीच्या लग्नानंतरच्या मोसमासाठी त्यांनी या खेपेला एकदम चाळीस अंतरपाट सांगितले होते. चाळीस जोडप्यांची नावं यादीत आली होती आणि निम्मी भरूनही झाली होती.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला लाज वाटते, पण ते सोडून पुढे जाता येणार नाही.

पाच वर्षांपूर्वी बँकेने मला एक काम दिलं होतं. बचत गटाच्या बायकांना परदेशातून येणारे पैसे सुरक्षित कसे घ्यायचे ते शिकवायचं. मी नगरपालिकेच्या सभागृहात फळा लावला. सांगितलं, परदेशी पैशांसाठी वेगळं खातं ठेवा. खाते क्रमांक मेलवर पाठवला तरी गिऱ्हाइकाला व्हिडिओवर तोंडी वाचून दाखवा, कारण चोर तो मधल्या मध्ये बदलतात. कुणी जास्तीचे पैसे पाठवून 'उरलेले अमक्या खात्यावर परत करा' म्हणालं, तर करू नका. दुसऱ्या कुणाचे पैसे आपल्या खात्यावर घेऊ नका, आपले दुसऱ्याच्या खात्यावर मागवू नका. पैसे पक्के झाल्याशिवाय पार्सल हलवू नका. आणि मोठी रक्कम मागवण्याआधी फक्त एक मागवून बघा. एक डॉलर, एक युरो, जे असेल ते. तो नीट पोचला तरच बाकीचे.

आक्काने मागच्या रांगेतून हात वर केला. "म्हंजे आधी एक, मग शंभर. मिळून एकशे एक. हे तर आपलंच झालं की!"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. लग्नाच्या वस्तूचे पैसे आपण शंभर, पाचशे असे गोल कधी घेत नाही, वरचा एक हवाच. माझा बँकेचा नियम आणि त्यांचा शकुन असा एका जागी बसला आणि बायकांनी तो पक्का धरला. बाकीचे नियम विसरणाऱ्याही हा विसरल्या नाहीत. परदेशातल्या गिऱ्हाइकांनाही गंमत वाटायची. "आक्का, वरचा एक पाठवलाय हं, बाकीचे संध्याकाळी," असे निरोप यायचे.

दुसरी एक रीत आमच्या घरची. वडिलांचा दंडक होता की लग्नाच्या शिवणाची मजुरी कारागिराला त्याच दिवशी द्यायची, दिवेलागणीच्या आत. आक्का तो पाळायची. युरो आले की तासाभरात सहा बायकांच्या खात्यावर सहा वाटे जायचे. यात कुणाला काय दिसावं? मला तर अभिमान वाटायचा.

या यंत्राचं नाव 'मागोवा'. जगातल्या बहुतेक बँकांनी मिळून ते तीन वर्षांपूर्वी बसवलं. त्याआधी चोर पकडायला नियम असायचे : अमुक रकमेच्या वर, तमुक देशातून, म्हणजे तपासा. चोर नियम शिकायचे आणि त्याच्या एक पायरी खाली राहायचे. म्हणून मागोव्याला नियम दिलेच नाहीत. त्याला मागच्या काही वर्षांतले अब्जावधी व्यवहार दाखवले आणि यातले चोरीचे कोणते ठरले तेवढं सांगितलं. प्रत्येक खातं म्हणजे एक ठिपका, प्रत्येक व्यवहार म्हणजे त्या ठिपक्यांना जोडणारा एक दोरा. मागोव्याला माणूस दिसत नाही, माल दिसत नाही, अंतरपाट तर नाहीच नाही. त्याला दोऱ्यांची वीण दिसते. कुठली वीण चोरीची, ते त्याचं त्याने शिकून घेतलं. कशावरून शिकलं हे बनवणाऱ्यांनाही सांगता येत नाही. आत उघडून पाहिलं तर नुसते आकडे, कोट्यवधी आकडे, आणि त्यातल्या एकावरही 'कारण' असं लिहिलेलं नाही.

मी यंत्राला उगीच शिव्या देणार नाही. ते आल्यावर फोनवरून म्हाताऱ्यांना लुबाडणं जवळजवळ थांबलं. आमच्या विट्यातल्या एका निवृत्त मास्तरांचे अकरा लाख त्याने हवेतल्या हवेत अडवले होते आणि मास्तर पेढे घेऊन आले होते. ते पेढे मीच खाल्ले.

पण चोरांनी त्या वर्षी एक नवी पद्धत काढली. गरिबांची खाती भाड्याने घ्यायची. आधी एक डॉलर टाकून खातं जिवंत आहे का बघायचं. मग मोठी रक्कम टाकायची. मग तासाभरात ती पाचसहा खात्यांत फोडायची, म्हणजे मागे जाता येत नाही. मागोव्याने ही वीण हजारो वेळा पाहिली आणि पाठ केली.

हे मला मुंबईच्या मुख्य कचेरीतल्या लोबो मॅडमकडून कळलं. तिथपर्यंत पोचायला मला तेवीस दिवस लागले. बावीस दिवस यंत्रच माझ्या पत्रांना उत्तरं देत होतं, आणि फार नम्रपणे देत होतं.

"मिस्टर हावळे, मला आत दिसत नाही काही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही जे सांगताय, आधी एक, मग मोठी अमाउंट, मग सहा ठिकाणी, ते अगदी तसंच आहे. भाड्याच्या खात्यांसारखं."

"पण मॅडम, तो शकुन आहे. आणि तो एक आधी घ्यायला तर आपल्याच बँकेने शिकवलंय. मी शिकवलंय."

"मी समजू शकते."

"मग बदला ना. कुणीतरी माणसाने बघून बदला."

त्या म्हणाल्या, "माझ्या टेबलावर काय पाटी आहे सांगू? सीनिअर मानवी दुवा."

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. माझ्या वर एक दुवा, त्यांच्या वर आणखी एक दुवा असणार, आणि सगळ्यांच्या वर कुणीही नाही. मी फोन ठेवला.

एकट्या आक्कापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण संशय दोऱ्यातून पुढे जातो. रंग सोडणारा एक कपडा बादलीत पडला की बाकीचे पांढरे कपडे जसे गुलाबी होतात, तसं. आक्काकडून मजुरी घेणाऱ्या सहाही बायकांचे आकडे चढू लागले. आणि हल्ली आकडा कुठे लागत नाही? भाड्याने खोली घेताना लागतो, पोरांना नोकरी लागताना लागतो.

यावर यंत्राने एक उपाय ठेवला होता. प्रत्येकाच्या फोनवर 'माझे दोरे' म्हणून एक यादी असते, ज्यांच्याशी आपला पैशाचा संबंध येतो त्यांची. नावापुढे दोन बटणं. 'ओळखतो' आणि 'ओळखत नाही'. दुसरं दाबलं की दोरा तुटतो आणि रंग तिथंच थांबतो.

गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात मालन तुपे बँकेत आली. आक्काकडे सहा वर्षं भरतकाम करणारी, सगळ्यात जुनी बाई. तिने फोन पदराखालून काढला आणि इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "साहेब, ते 'ओळखत न्हाय' कुठं दाबायचं असतंय?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"पोराला पुण्यात नोकरी लागालीया. घरच्यांचा आकडा मागितलाय त्यांनी. माझा एक्केचाळीस झालाय." तिचे डोळे भरून आले. "माझ्या पोरीच्या बाळंतपणाला ताई चार रात्री दवाखान्यात बसल्यात वं. आन् मी म्हनू, ओळखत न्हाय?"

खातेदाराला मदत करणं हे माझं काम आहे. मी यादी उघडली, आक्काचं नाव काढलं आणि अंगठा कुठे टेकवायचा ते दाखवलं. मालनने टेकवला. यंत्राने 'धन्यवाद' म्हटलं.

ती उठली, पदराने तोंड पुसलं. मी विचारलं, "आता कुठे निघालात?"

"कुठं म्हंजे? ताईकडं, कामाला. अकरा वाजालेत की."

"आणि मजुरी?"

"मजुरी न्हाई घेत आता. नोटा तर बंदच झाल्यात, आन् खात्यावर घेतली की दोरा पुन्हा जुळतोय म्हणं."

महिनाभरात सहाही जणींनी आक्काला ओळखत नसल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या चौघी रोज येऊन तिच्या शेजारी बसून फुकट भरत राहिल्या. आक्का त्यांना जेवायला घालायची. दोघी आल्या नाहीत, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चाळिसावा अंतरपाट घटस्थापनेच्या दिवशी पुरा झाला आणि सगळे घड्या घालून खोलीत रचून ठेवले गेले. माझा नियम होता ना, पैसे पक्के झाल्याशिवाय पार्सल हलवू नका.

एक वाट उरली होती. 'हमी'. ज्यांचा आक्काशी दोन वर्षांहून जुना दोरा आहे आणि ज्यांचा स्वतःचा आकडा विसाच्या आत आहे, अशा तिघांनी तिची हमी घेतली तर यंत्र पुन्हा विचार करतं. हमी घेणाऱ्याचा आकडा मात्र दहाने वाढतो. नव्वद दिवसांत तीन हमी मिळाल्या नाहीत तर पैसे आले तिकडे परत जातात आणि त्या खात्याचं परदेशाकडचं दार कायमचं बंद होतं. दुसऱ्या बँकेत गेलं तरी बंदच, कारण यंत्र एकच आहे.

पहिली हमी रेवतीताईंनी आइंडहोवनमधून दिली. दुसरी इचलकरंजीच्या मगदूम शेठनी. आक्का त्यांच्याकडून दोरा आणि जर घेते, तेवढीच त्यांची ओळख. पण तिने फोन केला तेव्हा शेठ म्हणाले, "त्यात विचारायचं काय बाई, आत्ता देतो," आणि फोन ठेवायच्या आत दिली.

दसऱ्याला आक्का आमच्या घरी सोनं द्यायला आली. माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली, मी तिच्या पाया पडलो. ती खुर्चीच्या कडेवर बसली, एखाद्या परक्याच्या घरी बसावं तशी.

"हणम्या, तिसरी हमी तू दे. आणि कुणाचा आकडाच विसाच्या खाली न्हाय राहिला. एक तू तेवढा हायस."

"देतो की आक्का," मी म्हणालो. "जरा दोन दिवस थांब."

तिने मान हलवली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला.

माझा आकडा तोवर अकरावरून अठरावर आला होता. आक्काचा दोरा. हमी घेतली की अठ्ठावीस. आणि आमच्या नोकरीच्या अटीत लिहिलंय, पंचविसाच्या वर आकडा गेलेल्या कर्मचाऱ्याला सेवेतून मुक्त करण्यात येईल. मानवी दुवा स्वच्छ पाहिजे.

आक्का गेल्यावर स्वप्नाली, माझी बायको, बाहेर येऊन बसली. "अहो, मी देऊ नका म्हणत नाही," ती म्हणाली. "माझ्या तोंडून तसं निघणार नाही. पण पोरीचं शिक्षण दोन वर्षं आहे अजून. तुम्ही एक्कावन्न वर्षांचे. माणसांना बसवून वाचून दाखवण्याचं काम दुसरं कोण देणार आहे तुम्हाला?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मला जोर आला असता. ती खरं बोलत होती आणि मी ऐकत होतो.

मग मी रोज मनाशी 'उद्या' म्हणायला लागलो. मुंबईला आणखी तीन पत्रं लिहिली. माझ्या वर्गाची जुनी टिपणं शोधून पुरावा म्हणून जोडली. यंत्राने कळवलं, 'आपण पाठवलेली माहिती उपयुक्त आहे. एक युनिटच्या चाचणी व्यवहारांबाबत आपल्या भागातील इतर खात्यांचीही तपासणी सुरू करण्यात आली आहे.' म्हणजे त्या सभागृहात बसलेल्या सगळ्या बायका. मी ते पत्र कुणालाही वाचून दाखवलं नाही. झोप उडाली, रक्तदाबाची गोळी एकाच्या दोन झाल्या. आक्काने या सगळ्या दिवसांत एकदाही फोन केला नाही. ती आठवण करून देईल अशी मी वाट बघत होतो आणि देऊ नये असंही मला वाटत होतं.

नव्वदावा दिवस वसुबारसेच्या आदल्या दिवशी आला. त्या सकाळी मी ठरवूनच घरातून निघालो. स्वप्नालीला काही बोललो नाही. शाखेत जाऊन खुर्चीत बसलो, पाटी आपली आपणच पालथी घातली, आणि हमीचा अर्ज उघडला. खरं सांगतो, तीन महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटत होतं. गेली नोकरी तर गेली. वडिलांचं मशीन अजून माळ्यावर होतं.

मी आक्काचा खाते क्रमांक घातला. पडद्यावर उत्तर आलं.

'या खातेदाराशी आपला कोणताही दोरा नोंदलेला नाही. आपणास हमी देता येणार नाही.'

मी पुन्हा घातला. पुन्हा तेच. मग खाली नजर गेली. माझा संशयांक नऊ झाला होता.

मी आक्काला फोन लावला. "आक्का, तू मला काढलंस?"

"व्हय. परवा."

"का?"

तिच्या मागे मशीनचा आवाज नव्हता. "स्वप्नाली आलती."

"काय म्हणाली ती?"

"काय बी न्हाय म्हणाली बिचारी. चहा घेतला. तुला झोप न्हाई म्हणाली, गोळ्या वाढल्यात म्हणाली. मग जरा रडली आणि गेली." आक्काचा आवाज अगदी साधा होता. "तुझ्याच्यानं होत न्हवतं रं. मला दिसत होतं की. म्हटलं, कशाला पोराला टांगून ठेवायचं?"

"मी आज द्यायला बसलो होतो आक्का. आत्ता. अर्ज उघडलाय समोर."

"आज व्हय," ती म्हणाली. तिने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. "बरं, असू दे."

दोरा पुन्हा जोडता येतो, पण तो नवा धरला जातो. हमीला दोन वर्षांचा लागतो.

संध्याकाळी पाच वाजता तीन हजार सहाशे युरो आइंडहोवनला परत गेले. वरचा एक तेवढा आक्काच्या खात्यात राहिला, कारण तो वेगळा आला होता आणि त्याला कुणी अडवलं नव्हतं. रेवतीताई फोनवर रडत होत्या. दुसऱ्या कुणाच्या खात्यावर पाठवते म्हणाल्या, ओळखीतलं कुणीही सांगा. आक्काने नको म्हटलं. "आमच्या हणम्यानं शिकवलंय ताई, दुसऱ्याच्या खात्यावर मागवायचं न्हाय. त्यातनंच घोटाळे होतात म्हणं."

भाऊबीजेला मी आणि स्वप्नाली आक्काकडे गेलो. दारात रांगोळी होती, पणत्या होत्या, चकलीचा वास होता. खोलीत मशीनवर चादर टाकलेली होती आणि जिथे अंतरपाट रचलेले होते ती जागा मोकळी होती.

"कुठे गेले?" मी विचारलं.

"पाठवले."

"पैसे न घेता?"

"नावं भरलीत त्यावर, हणम्या. चाळीस जोडप्यांची नावं. ती इथं ठेवून मी काय करू? मी कुणाच्या पोरीच्या लग्नात मोडता घालायची न्हाय." मग स्वप्नालीकडे वळून म्हणाली, "तू आत चल गं, करंज्या गार व्हायला लागल्यात."

स्वप्नाली तिच्या नजरेला नजर न देता आत गेली.

आक्काने पाट मांडला. मी टोपी घालून बसलो. तिने तबक आणलं : निरांजन, सुपारी, अक्षता, कुंकू. नोटा आणि नाणी बंद होऊन तीन वर्षं झाली, त्यामुळे हल्ली तबकात कुणी काही टाकत नाही. ओवाळणी फोनवरून जाते. मी तर दर भाऊबीजेला सकाळी दहाला आक्काला पाचशे एक आपोआप जातील अशी सोय लावून ठेवली होती. ती काढायचं मला सुचलंच नव्हतं. चष्मा सारखा शोधावा लागतो म्हणून फोनने निरोप मोठ्याने वाचावेत, हीसुद्धा मीच लावलेली सोय.

तिने सुपारीने ओवाळलं. निरांजन हातात घेतलं. आणि माझ्या खिशातला फोन सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा, स्वच्छ मराठीत बोलला.

"पाचशे एक रुपये परत आले आहेत. सारिका पोरे आपणास ओळखत नाहीत."

आत करंज्यांच्या डब्याचं झाकण खाली पडलं. मी फोन बंद करायला खिशात हात घातला, तो बाहेर निघेना. आक्काचा हात निरांजनासकट क्षणभर जागच्या जागी थांबला होता. मग तो पुन्हा फिरू लागला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, लहानपणापासून फिरत आलाय तसा. तिने तबक खाली ठेवलं आणि बोट कुंकवात बुडवलं.

"मान जरा खाली घे," ती म्हणाली. "कुंकू नीट लागंना."

मी मान खाली घातली.